गालगुंड, त्याचा विषाणू आणि लस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाल सुजला म्हणजे गालगुंडच झाले, असे समजावे का?

तसे समजू नये. गालगुंडात, ज्याला काही घरांत गालफुगी म्हणतात, सूज खरे तर गालाला येत नाही. ती कानाच्या पुढे आणि खाली असलेल्या पॅरोटिड या लाळग्रंथीला येते. त्यामुळे मुलाकडे समोरून पाहिले तर कानाची पाळी वर आणि बाहेर ढकलल्यासारखी दिसते, आणि एरवी बोटाला सहज लागणारा जबड्याचा कोन सुजेखाली हरवून जातो. चिंच, लिंबू किंवा लोणच्याची फोड तोंडात टाकताच कळ उठते, कारण आंबट चवीने लाळ सुटते आणि सुजलेल्या ग्रंथीवर ताण येतो. अनेकांना एका बाजूने सुरुवात होऊन दोन-चार दिवसांत दुसरी बाजूही सुजते. परंतु किडलेल्या दाढेचा गळू, लाळेच्या नळीत अडकलेला खडा, जिवाणूंचा संसर्ग, इतकेच नव्हे तर फ्लूचा विषाणूसुद्धा असेच चित्र उभे करू शकतो. लागण झालेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश ते एकतृतीयांश लोकांना काहीच लक्षणे दिसत नाहीत, आणि तरीही त्यांच्याकडून इतरांना आजार होऊ शकतो.

हा विषाणू कोणत्या कुळातला आहे?

गोवराचा विषाणू ज्या पॅरामिक्सोव्हायरस कुळातला, त्याच कुळातला हा विषाणू आहे. त्याचा जनुकीय मजकूर आरएनएच्या एकाच धाग्यावर, सुमारे १५,३८४ अक्षरांत आणि सात जनुकांत लिहिलेला असतो. त्याचा नैसर्गिक यजमान फक्त माणूस आहे, म्हणजे डासांवर, उंदरांवर किंवा पाळीव प्राण्यांवर त्याचे खापर फोडता येत नाही. सात जनुकांपैकी एसएच नावाचे छोटे जनुक सर्वांत चंचल असल्यामुळे त्याच्या वाचनावरून विषाणूचे बारा जनुकीय प्रकार ठरवले गेले आहेत. त्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावे असून ए पासून एन पर्यंतच्या यादीतून ई आणि एम ही दोन अक्षरे पुढे वगळण्यात आली. प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने मात्र हे सगळे एकच गोत्र मानले जाते. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज), कमी-अधिक ताकदीने का होईना, इतर प्रकारांनाही ओळखतात.

आजार जुना असताना विषाणूचा शोध इतक्या उशिरा का लागला?

आजाराचे वर्णन फारच जुने आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथात ग्रीसमधील थॅसॉस बेटावरील एका साथीची नोंद आहे, आणि तिच्यात कानाजवळच्या सुजेबरोबर काही पुरुषांच्या वृषणांना आलेल्या वेदनादायक सुजेचाही उल्लेख आहे. पण कारण सापडायला १९३४ साल उजाडले. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात क्लॉड जॉन्सन आणि अर्नेस्ट गुडपास्चर यांनी रुग्णांची लाळ घेऊन ती ऱ्हीसस माकडांच्या लाळग्रंथीत सोडली, आणि जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार होणारे काहीतरी हा आजार घडवते हे सिद्ध केले. पुढे १९४५ च्या सुमारास हा विषाणू कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यात वाढवता येऊ लागला आणि लशीचा रस्ता मोकळा झाला. या घाईमागे लहान मुलांपेक्षा सैनिकांची काळजी अधिक होती, हे येथे नमूद करायला हवे: पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील अमेरिकी सैन्याचे कामाचे दिवस बुडवणाऱ्या आजारांत गालगुंड अगदी वरच्या क्रमांकावर होते.

लागण कशी होते, आणि मुलाला किती दिवस घरी ठेवावे?

लाळ, शिंक-खोकल्याचे तुषार, उष्टा पेला आणि जवळून बोलणे या वाटांनी लागण होते. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा सोळा ते अठरा दिवस जातात. हा काळ बारा ते पंचवीस दिवस असा कमी-जास्त होऊ शकतो. सूज दिसल्यापासून पाच दिवस शाळेत पाठवू नये, असा आज सर्वमान्य नियम आहे. त्यात एक अडचण आहे, ती अशी की सूज येण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू असतो. म्हणून गाल सुजलेल्या मुलाला घरी ठेवल्याने साथ मंदावते, पण थांबत नाही.

गालगुंडाने पुरुषाला मूल होत नाही, हे खरे आहे का?

ही भीती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि तिच्यात थोडे तथ्य, पुष्कळ अतिशयोक्ती आहे. वयात आलेल्या, लस न घेतलेल्या पुरुषांना गालगुंड झाले तर साधारण पाचात एक ते तिघांत एक जणाच्या वृषणाला सूज येते. ती बहुधा एकाच बाजूला असते, गालाच्या सुजेनंतर आठवड्याभरात येते आणि ताप व वेदना पुष्कळ असतात. अशा वृषणांपैकी जवळपास निम्मी नंतर आकाराने काहीशी आक्रसतात आणि काहींच्या शुक्राणूंची संख्या घटते, पण कायमचे वंध्यत्व क्वचितच येते. वयात येण्याआधी झालेल्या गालगुंडात वृषणाची सूज सहसा येत नाही. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला गालगुंड झाल्यावर आजीने त्याच्या लग्नाची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची असेल तर ती लस न घेतलेल्या पंचविशीतल्या काकाची करावी. स्त्रियांमध्ये अंडाशयाला सूज येऊ शकते, पण ते प्रमाण बरेच कमी आहे.

मग लहान मुलांच्या बाबतीत खरा धोका कोणता?

ऐकण्याचा. घरोघरी वृषणाची चर्चा होते आणि कान मागे राहतो, हे मला नेहमीच खटकत आले आहे. हा विषाणू आतल्या कानापर्यंत पोहोचला तर एका बाजूची श्रवणशक्ती अचानक आणि बहुधा कायमची जाते. दुसरा कान शाबूत असल्यामुळे मूल बोलते, अभ्यास करते, हाकेला ओ देते. मात्र हाक कोठून आली ते त्याला कळत नाही, आणि वर्गात बहिरा कान शिक्षकांकडे येईल असे बसवले की ते चुका करू लागते. फोन चुकून दुसऱ्या कानाला लावला जातो तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येते. जुन्या पुस्तकांत हे प्रमाण वीस हजारांत एक असे दिलेले आढळते. जपानमध्ये मात्र बालरोगतज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गालगुंड झालेल्या सुमारे ७,४०० मुलांची पालकांकरवी घरीच, दोन्ही कानांची वेगवेगळी चाचणी घेतली, तेव्हा सात मुलांना हा बहिरेपणा आढळला, म्हणजे साधारण हजारात एक. आजार बदललेला नव्हता. मोजण्याची पद्धत बदलली होती.

मेंदूभोवतीच्या आवरणाचा दाह शंभरात एक ते दहा रुग्णांत होतो आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. प्रत्यक्ष मेंदूचा दाह हजारात एकाच्या आसपास, पण तो गंभीर असतो. पोटात वरच्या भागात जोराने दुखून उलट्या होत असतील तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. तीव्र डोकेदुखी, मानेचा ताठरपणा, सुस्ती, एका कानाने ऐकू न येणे किंवा वृषणात दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गालगुंडाची लस कशी तयार झाली?

पहिली लस मारलेल्या विषाणूची होती. ती अमेरिकेत १९४८ साली मान्य झाली, परंतु तिचे संरक्षण अल्पकाळ टिकत असल्यामुळे १९७० च्या दशकात तिचा वापर थांबला. आजच्या लशीची गोष्ट मार्च १९६३ मधील एका रात्री सुरू होते. मर्क कंपनीतील लसशास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन घसा दुखतो म्हणून मध्यरात्री उठली. वडिलांनी जबड्याखाली हात लावून पाहिला, आजार ओळखला, तिला परत झोपवले आणि गाडी काढून थेट प्रयोगशाळा गाठली; तेथून कापसाचे बोळे व पोषक द्रव घेऊन ते घरी परतले, तिच्या घशातून नमुना घेतला आणि तो जपून ठेवला. एखादा बाप अशा वेळी मीठ-पाण्याच्या गुळण्यांची सोय करील. यांनी विषाणूची सोय केली.

त्या नमुन्यातील विषाणू आधी कोंबडीच्या अंड्यांत आणि मग कोंबडीच्या भ्रूणपेशींत पुन्हापुन्हा वाढवण्यात आला. अशा प्रत्येक फेरीत विषाणू कोंबडीच्या पेशींना सरावत जातो आणि माणसाच्या पेशींत त्याचा जोर ओसरत जातो. आजार घडवण्याइतका तो उरत नाही, पण प्रतिकारयंत्रणेला चेहरा दाखवण्याइतका जिवंत असतो. फार कमी फेऱ्या झाल्या तर लसच आजार देते, फार जास्त झाल्या तर लस निरुपयोगी ठरते. हा दुसरा धोका काल्पनिक नाही: स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेला रुबिनी हा वाण, म्हणजे लशीसाठी असा सरावलेला विषाणू, इतका मवाळ निघाला की त्याने संरक्षणच पुरेसे मिळेना, आणि जागतिक आरोग्य संघटनेला तो राष्ट्रीय कार्यक्रमांत वापरू नये असे सांगावे लागले. जेरिल लिनच्या नावाचाच वाण १९६७ मध्ये लस म्हणून मान्य झाला आणि १९७१ पासून गोवर व रुबेलाच्या लशींबरोबर एमएमआर या एकाच टोचणीत दिला जाऊ लागला. पुढे तपासणीत असे दिसले की या वाणात एक नव्हे, तर एकमेकांशी नाते असलेले दोन विषाणू आहेत.

भारतात मिळणाऱ्या लशीत हाच वाण असतो का?

नेहमी नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आपल्या एमएमआर लशीत लेनिनग्राड-झाग्रेब हा वाण वापरते. नावातच त्याचा प्रवास आहे: मूळ वाण सोव्हिएत रशियातील लेनिनग्राडचा, आणि तो पुढे कोंबडीच्या भ्रूणपेशींना सरावला क्रोएशियातील झाग्रेब येथे. काही आयात लशींत जेरिल लिनपासून निवडलेला वाण असतो. लस भुकटीच्या रूपात, २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात; सोबतच्या पाण्यात विरघळवल्यावर ती उजेडापासून जपावी लागते आणि काही तासांतच वापरावी लागते. म्हणून सकाळी फोडलेली अनेक डोसांची कुपी संध्याकाळी आलेल्या मुलासाठी ठेवून देता येत नाही, आणि दवाखान्यात ‘उद्या या’ असे सांगितले तर त्यामागे टाळाटाळ असतेच असे नाही.

ही लस पुण्यात तयार होते, तर सरकारी केंद्रात फुकट का मिळत नाही?

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेलाची जोडलस आली. तिच्या पहिल्या टप्प्यात गोवा होते आणि महाराष्ट्रातील मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्येही गालगुंड या कार्यक्रमाबाहेरच होते. गोवराने मुले दगावतात आणि रुबेलाने गर्भ अपंग होतो. गालगुंडाने मृत्यू अत्यंत विरळ, शिवाय देशात त्याचे नेमके ओझे मोजलेले नाही, असे कारण यामागे दिले जाते. त्याला आणखी एका शास्त्रीय युक्तिवादाचा आधार आहे. गालगुंडाची लस सुरू करायची तर ती बहुतांश मुलांपर्यंत सातत्याने पोहोचली पाहिजे. अर्धवट लसीकरणाने विषाणूचे फिरणे मंदावते, न टोचलेली मुले लहानपणी लागणीतून सुटतात आणि मोठेपणी, म्हणजे गुंतागुंतीच्या वयात, त्याच्या तावडीत सापडतात.

युक्तिवाद बरोबर आहे. पण माझ्या मते तो आता लस न देण्याच्या नव्हे, तर देण्याच्या बाजूने उभा राहतो. कारण खासगी दवाखान्यांत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वेळापत्रकानुसार एमएमआर नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षे या वयात दिलीच जाते. ज्यांना परवडते त्यांना लस आणि बाकीच्यांना नाही, ही ज्या अर्धवट स्थितीची भीती घातली जाते तीच स्थिती नव्हे काय? २०२४ च्या सुरुवातीला केरळात हजारो मुलांना गालगुंड झाले आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांतूनही रुग्णवाढीच्या बातम्या आल्या, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

दोन्ही डोस घेऊनही गालगुंड का होते?

कारण ही लस चांगली आहे, गोवराच्या लशीइतकी उत्तम नाही. जगभरच्या अभ्यासांचा कोक्रेन या संशोधन-संस्थेने घेतलेला आढावा एका डोसचे संरक्षण सुमारे ७२ टक्के आणि दोन डोसांचे सुमारे ८६ टक्के असल्याचे सांगतो. तरीही एवढ्यावर पुष्कळ साधता येते: फिनलंडने १९८२ मध्ये दोन डोसांचा कार्यक्रम नेटाने सुरू केला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथील स्थानिक गालगुंड संपुष्टात आले.

मग २००६ मध्ये अमेरिकेत साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले, आणि त्यांत दोन्ही डोस घेतलेले महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. संशोधकांपुढे दोन संशयित उभे राहिले. पहिला, विषाणू बदलला: लशीतील जेरिल लिन ए प्रकारचा, तर अलीकडच्या साथींत जी प्रकार प्रबळ होता. दुसरा, संरक्षण काळाबरोबर विरत गेले. हार्वर्डमधील जोसेफ ल्युनार्ड आणि योनातन ग्राड यांनी २०१८ मध्ये जुन्या अभ्यासांतील आकडे एकत्र करून गणिती प्रारूप मांडले, आणि लशीचे संरक्षण सरासरी सुमारे सत्तावीस वर्षे टिकते असा निष्कर्ष काढला. सरासरीचा अर्थ असा की अनेकांचे त्याआधीच, ऐन कॉलेजच्या वयात ओसरलेले असते. रुग्णांच्या वयाची वाटणी पहिल्या संशयितापेक्षा दुसऱ्याकडेच बोट दाखवते, असे त्यांना आढळले. माझाही कल तिकडेच आहे, पण पहिला संशयित पुरता निर्दोष सुटलेला नाही. लस घेतलेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे जी प्रकाराला काहीशा कमी जोराने रोखतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे.

तिसरी गोष्ट विषाणूच्या मात्रेची. २००९-१० मध्ये न्यूयॉर्क परिसरातील सनातनी ज्यू समाजात सुमारे साडेतीन हजार रुग्णांची साथ आली. ब्रिटनहून परतलेला अकरा वर्षांचा मुलगा उन्हाळी शिबिरात आजारी पडला आणि तेथून ती पसरली. धार्मिक शाळेतील मुले अरुंद मेजाच्या दोन बाजूंना, अगदी समोरासमोर बसून, तासन्‌तास मोठ्याने वाद घालत ग्रंथ शिकत, आणि दिवसभरात जोडीदार बदलत. इतक्या जवळून, इतका वेळ, इतका विषाणू आल्यावर दोन डोसांचा बांधही काही जणांच्या बाबतीत फुटला; ज्यांच्यात तो फुटला नाही ते मात्र बहुसंख्य होते.

तिसऱ्या डोसचा उपयोग होतो का?

साथीच्या काळात होतो. आयोवा विद्यापीठात २०१५-१६ मध्ये साथ आली तेव्हा २०,४९६ विद्यार्थ्यांपैकी २५९ जणांना गालगुंड झाले. विद्यापीठाने तिसरा डोस उपलब्ध करून दिला आणि ४,७८३ जणांनी तो घेतला. तिसरा डोस घेतलेल्यांत हजारी ६.७, तर दोनच डोस घेतलेल्यांत हजारी १४.५ जण आजारी पडले. इतर घटक जमेस धरल्यावर जोखीम ७८ टक्क्यांनी कमी निघाली. त्यानंतर अमेरिकेने साथीत सापडलेल्या गटांना तिसरा डोस देण्याची शिफारस केली. सर्वांना सरसकट तिसरा डोस देण्याची शिफारस मात्र तेथे झालेली नाही, कारण वाढलेली प्रतिपिंडे काही महिन्यांत पुन्हा उतरू लागतात.

लस सुरक्षित आहे का? स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) काय?

हलका ताप, टोचलेल्या जागी दुखणे आणि क्वचित ग्रंथीला किरकोळ सूज, एवढेच सहसा होते. स्वमग्नतेचा आरोप १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, अवघ्या बारा मुलांवरील लेखातून पसरला. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचा ब्रिटनमधील वैद्यकीय परवाना त्याच वर्षी रद्द झाला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमएमआरमुळे स्वमग्नता वाढल्याचे आढळले नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो दडवू नये. उराबे नावाच्या जपानी वाणाने काही मुलांत मेंदूच्या आवरणाचा सौम्य दाह झाला, म्हणून ब्रिटनने १९९२ मध्ये त्या लशी थांबवल्या आणि जपानने १९९३ मध्ये एमएमआरच बंद केली. लेनिनग्राड-झाग्रेब वाणाच्या सामुदायिक मोहिमांनंतर ब्राझीलमध्येही १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशी वाढ नोंदली गेली. ही मुले बहुधा कोणताही व्रण न राहता बरी होतात आणि नैसर्गिक गालगुंडात हाच दाह कितीतरी पट अधिक आढळतो. त्यानंतर जपानने गालगुंडाची लस ऐच्छिक ठेवली, आणि वर सांगितलेली एका कानाने बहिरी झालेली मुले तेथीलच आहेत. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्यांना ही जिवंत लस देत नाहीत. अंड्याची अ‍ॅलर्जी मात्र अडसर मानली जात नाही.

निदानासाठी रक्त द्यावे की लाळ?

सूज आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत असाल तर लाळेचा नमुना अधिक उपयोगी. तंत्रज्ञ आधी सुजलेली ग्रंथी अर्धा मिनिट बाहेरून चोळतो, जेणेकरून लाळ नळीतून खाली उतरेल, आणि मग वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला जेथे ती नळी उघडते, तेथे बोळा फिरवतो. चोळण्याचा कंटाळा केला की पीसीआर नकारात्मक येण्याची शक्यता वाढते. लस घेतलेल्यांत रक्तातील आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी अनेकदा नकारात्मक येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबून गालगुंड नाही असे ठरवू नये.

उपचार काय?

विषाणूवर औषध नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मऊ भात, विश्रांती आणि आंबटाला सुट्टी. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. हळद, चुना वा गेरूच्या लेपाने विषाणूवर काही परिणाम होत नाही, आणि चुन्याने कोवळी कातडी भाजते.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांना एमएमआरचा दाखला का मागतात?

वसतिगृहातील साथींचा इतिहास वर आलाच आहे. अनेक विद्यापीठे दोन डोसांचा पुरावा मागतात आणि दोन डोसांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. विमानाचे तिकीट तीन आठवड्यांवर आल्यावर धावपळ सुरू करणाऱ्याला दुसरा डोस तिकडेच घ्यावा लागतो. त्याआधी कपाटातले जुने कार्ड काढावे आणि नीट वाचावे. ‘गोवर’, ‘एमआर’ आणि ‘एमएमआर’ या तीन निरनिराळ्या नोंदी आहेत. फक्त तिसरीत गालगुंडाची लस असते. मधला तो एक ‘एम’ नसेल, तर डोस कितीही झालेले असोत, गालगुंडापुरते ते शून्यच धरले जातात.